भरलेली खुर्ची

सत्तरी ओलांडल्यावर माणसाने लग्न करू नये, असे कुठल्याही पुस्तकात लिहिलेले नाही. मी शोधून पाहिले. करावे, असेही कुठे सापडले नाही. त्यामुळे आठवड्यापूर्वी आम्ही दोघे नोंदणी कचेरीत सह्या करून आलो, तेव्हा मला छापील असा काहीच आधार नव्हता. आणि आज विमानतळाच्या काचेच्या दारासमोर दोन बॅगा आणि एक बायको घेऊन उभा असताना मला भीती वाटत होती की आनंद होत होता, हे सांगता आले नसते.

मी बायकोला ‘बाई’ म्हणतो. ती जुनी सवय. त्या गाडी शिकवण्याची शाळा चालवायच्या आणि मी त्यांचा शेवटचा विद्यार्थी. आयुष्यभर एका कोशाच्या कचेरीत खाली मान घालून नोंदी लिहिल्या, आणि निवृत्त झाल्यावर मला काय सुचले कोण जाणे, गाडी शिकायला गेलो. परीक्षेत तीनदा नापास झालो. तिसऱ्या खेपेला बाई म्हणाल्या, “तुम्हाला गाडी येणार नाही. गिअर टाकायचा म्हटलं की तुम्हाला आधी गिअरची परवानगी घ्यावीशी वाटते. तुम्ही कायम न्यूट्रलमध्ये.” तेव्हापासून माझे नावच न्यूट्रल पडले.

लग्नाचेही त्यांनीच विचारले. भर चौकात, लाल दिव्याला. दिवा हिरवा झाला तरी मी उत्तर शोधत बसलो होतो. मागच्या गाड्यांनी हॉर्नचा गिल्ला केला, तेव्हा घाबरून ‘हो’ म्हणालो. आयुष्यात घाबरून केलेली तेवढी एकच गोष्ट मला पुन्हा करावीशी वाटते.

आता अडचण होती ती बाईंच्या मुलाची. तो परदेशात दातांचा डॉक्टर आहे. आम्ही त्याच्याकडेच निघालो होतो, तीन महिन्यांसाठी, आणि त्याला लग्नाचा पत्ता नव्हता. ट्रकवाल्यांना भर रस्त्यात खाली उतरवून झापणाऱ्या बाई मुलाला एवढे एक वाक्य सांगू शकल्या नव्हत्या. सांगितले ते असे : “माझा एक विद्यार्थी त्याच विमानाने येतोय, सोबत होईल.” मुलगा गुणी. त्याने त्या विद्यार्थ्यासाठी दिवाणखान्यात गादी घातली, आणि पुढे राहायला एक स्वस्त खोलीही पाहून ठेवली. स्वयंपाकघर चौघांत मिळून.

“विमानात पाऊल टाकायच्या आधी सांगते,” येताना टॅक्सीत बाई म्हणाल्या होत्या. बोलताना त्यांचा उजवा पाय खालची चटई दाबत होता. गाडी शिकवणाऱ्यांच्या पायाखाली त्यांचा वेगळा ब्रेक असतो. तीस-पस्तीस वर्षे तो वापरल्यामुळे बाई दुसऱ्या कोणाच्याही गाडीत बसल्या की नसलेला ब्रेक दाबत असतात.

“आणि नाही सांगितलं तर?”

“तर तिकडे विद्यार्थी म्हणून उतरा. पुढचं पुढे.”

माझी मागणी फार नव्हती. कोणीतरी, एकदा तरी, मला कोणाचा तरी नवरा म्हणावे, एवढीच होती. नोंदणी कचेरीतल्या कारकुनानेसुद्धा ‘तुम्ही इकडे सही करा’ एवढेच म्हटले होते. आणि आता माझ्या नशिबी चौघांतले स्वयंपाकघर येणार की काय, या विचाराने माझ्या तोंडचे पाणी पळाले होते.

दारातून आत शिरतो तोच एक भरघोस मिशांचा धिप्पाड गृहस्थ चाकांची खुर्ची ढकलत समोर आला. मुलाने आईसाठी ती आधीच सांगून ठेवली होती. गेल्या वर्षी बाईंचा गुडघा दुखत होता, तो कधीच बरा झाला. पण मुलापर्यंत दुखणी पोहोचतात तेवढ्या लवकर बरे होणे पोहोचत नाही.

“बसा मावशी,” खुर्चीवाला म्हणाला.

“ब्रेक कुठाय?”

“हा काय, माझ्या हाताशी.”

“तुमच्या हाताशी आहे, माझ्या पायाशी नाही. मी नाही बसत.”

“मावशी, असं करू नका. रिकामी खुर्ची घेऊन फिरताना दिसलो तर साहेब ओरडतात. मला ती भरलेली पाहिजे.”

बाईंनी माझ्याकडे पाहिले. ती नजर मला ओळखीची होती. चढावर गाडी बंद पाडली की तशी नजर यायची.

“मग यांना भरा,” त्या म्हणाल्या.

“अहो बाई, मी धडधाकट—”

“बसा हो न्यूट्रल! कोणीतरी ढकलल्याशिवाय कुठे हलता तुम्ही?”

खुर्चीवाला खो खो हसला आणि मी बसलो. नाही म्हणायला लागणारे शब्द मला नेहमी दुसऱ्या दिवशी सुचतात.

खरे सांगायचे तर पहिली काही मिनिटे मी शरमेने अर्धा झालो होतो. ज्यांचे पाय खरोखर दुखत असतील अशा माणसांच्या रांगेत आपण चोरासारखे घुसलो आहोत, असे वाटत होते. कोणी पाहिले की मी उगाच गुडघा चोळायचो. पण मग तो लांबलचक गुळगुळीत दालनाचा रस्ता लागला, आणि खुर्चीवाल्याच्या अंगात काय संचारले कोण जाणे, तो सुटला. दोन्ही बाजूंनी माणसे, बॅगा, काचा, दिवे सरसर मागे जायला लागले. माझे उरलेसुरले केस उडायला लागले. शेजारून बाई आपल्या लाल बुटांत जवळजवळ पळत होत्या आणि ओरडत होत्या, “वळताना वेग कमी! अहो मिशा, वेग कमी!”

“माझ्या हातून आजवर एकही सांडलेला नाही, मावशी!”

मला हसू फुटले. असे की थांबेना. सत्तर वर्षांत मी कधी घसरगुंडीवरून उतरलो नव्हतो. लहानपणी मागची मुले खोळंबतील म्हणून बाजूला व्हायचो. ती राहून गेलेली घसरगुंडी इथे आडवी होऊन मिळाली होती.

“बाई, फोन!” मी खुर्चीतून ओरडलो.

“आधी सामान जाऊ दे!”

सामान गेले. बॅगा रबरी पडद्याआड दिसेनाशा झाल्या तेव्हा मी पुन्हा आठवण केली. बाई म्हणाल्या, आधी ती तपासणी होऊ दे, तिथे फोन काढून ठेवावा लागतो, अर्धवट वाक्यावर काढून ठेवावा लागला तर? यात तथ्य होते. बाईंच्या प्रत्येक सबबीत तथ्य असते, तीच पंचाईत.

तपासणीच्या ठिकाणी पट्टा काढायला सांगितला. लग्नाच्या धामधुमीत मी थोडा वाळलो आहे, ते मला तिथे उभा राहिल्यावर कळले. दोन्ही हात वर करा, असे तपासनीस म्हणाला. मी एक हात वर केला.

“दोन्ही.”

“दुसरा कामात आहे,” मी म्हणालो.

“काय धरलंय त्या हातात?”

“पँट.”

मागून बाईंचा आवाज आला, “अहो, वर करा हात! इथे कोणी बघत नाही तुमच्याकडे!” त्याबरोबर ज्यांनी बघितले नव्हते तेही बघायला लागले. तपासनीस भला माणूस होता. त्याने आधी डावा हात वर घ्यायला लावला, मग उजवा, आणि आळीपाळीने मला तपासले. खुर्चीवाल्याने पट्टा परत आणून दिला तेव्हा त्याच्या मिशा थरथरत होत्या.

पुढे पारपत्र पाहणारा अधिकारी. चष्म्यातून त्याने मला पाहिले, खुर्चीला पाहिले, पुन्हा मला पाहिले.

“जाण्याचं कारण?”

“मुलाला भेटायला.”

“तुमच्या?”

मी विचारात पडलो. खोटे बोलून चालणार नव्हते आणि खरे काय ते अजून ठरायचे होते.

“ते आज कळेल,” मी म्हणालो.

अधिकाऱ्याने शिक्का खाली ठेवला. नेमक्या त्याच वेळी शेजारच्या खिडकीतून बाईंचा आवाज सगळ्या दालनाला ऐकू गेला : “कारण? मधुचंद्र!” आणि मग माझ्याकडे बोट करून, “हे काय, हे! खुर्चीत बसलेत ते!”

माझ्या अधिकाऱ्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “बरं,” तो म्हणाला, आणि इतक्या जोरात शिक्का मारला की त्याचे पेन खाली पडले. “सांभाळून जा, आजोबा.”

खुर्चीवाल्याने मला थोडे पुढे नेले आणि मग खुर्ची उभी करून तो समोर येऊन उभा राहिला. “आजोबा, खरं?”

“खरं.”

“कधी?”

“गेल्या आठवड्यात.”

“आयला!” असे म्हणून त्याने माझा हात हातात घेऊन एवढा हलवला की खुर्ची मागेपुढे झाली. बाईंच्या पायाने जमिनीवर ब्रेक दाबला.

मी मात्र सुखाने आणि भीतीने गरगरत होतो. ‘हे काय, हे’ म्हणजे नवरा नव्हे. पण अगदी जवळ आले होते. परक्या माणसाला बाई हसत हसत सांगू शकल्या. मग मुलाला का नाही? मी सगळे धैर्य गोळा करून तेच विचारले.

बाई चालता चालता थांबल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला.

“त्याचे बाबा गेले ना, तेव्हा हा शाळेत होता. रात्री रडायचा. मी त्याला सांगितलं, आता आपण दोघंच, तिसरं कोणी नाही. पोराने ते धरून ठेवलं असेल तर? मी शब्द मोडला असं वाटेल त्याला.” मग एकदम मान झटकून, “सांगते. सांगते म्हटलं ना! आधी जरा त्या दुकानात जाऊन येते. अत्तरं फुकट लावून बघता येतात.”

“बाई, विमान—”

“आलेच!” आणि लाल बूट दिसेनासे झाले.

आम्ही विमानाच्या दारापाशी जाऊन थांबलो. काचेपलीकडे ते उभे होते. मला वाटले होते त्यापेक्षा फारच लठ्ठ. एवढे जड काहीतरी उडते, यावर माझा विश्वास बसेना. रांग अजून लागायची होती. दुकानाकडे पाहिले तर बाई आमच्याकडे पाठ करून एका मनगटावर, मग दुसऱ्या, मग कोपरावर अत्तर फवारत होत्या. जागा संपत चालली होती आणि वेळही. मनात म्हटले, ठीक आहे, विद्यार्थी तर विद्यार्थी. इतकी वर्षे काढली, तीन महिने काय!

तेवढ्यात खुर्चीवाल्याने खिशातून फोन काढला. “चला, एवढं काम झालं की मी मोकळा. साहेबांनी सांगून ठेवलंय, पेशंट दारापाशी पोहोचला की व्हिडिओ कॉल लावून दाखवायचा.”

“कोणत्या साहेबांनी?”

“खुर्ची ज्यांनी सांगितली त्यांनी. मुलगा ना तो?”

“थांबा!” मी म्हणालो. पण माझे ‘थांबा’ कोणाला ऐकू जाईल असे कधीच नसते. फोन लागला सुद्धा. पडद्यावर आधी छत आले, मग मिशा, मग मी.

“आई?” पडद्यातून आवाज आला. गोल चेहरा, कपाळ मागे सरकत चाललेले, भुवया थेट बाईंच्या.

“नमस्कार,” मी म्हणालो.

“नमस्कार. आई कुठाय? तुम्ही कोण?”

‘विद्यार्थी’ हा शब्द अगदी जिभेवर येऊन बसला होता. तो उच्चारला असता तर सगळे सुरळीत झाले असते, कोणाला काही त्रास झाला नसता, आणि कोणाला त्रास होऊ नये यासाठीच तर मी जन्मभर जगत आलो. मी दुकानाकडे पाहिले. पाठ. खुर्चीवाल्याकडे पाहिले. तो फोन धरून माझ्याकडे असा बघत होता, जणू चौकात दिवा हिरवा झाला आहे आणि मागे सगळे खोळंबले आहेत.

“मी तुमच्या आईंचा—” मी म्हणालो.

“हं? आईचा कोण?”

“विद्यार्थी होतो. आता नवरा आहे. गेल्या आठवड्यापासून.”

खुर्चीवाल्याचा हात हलला आणि मुलाला बहुधा पुन्हा छत दिसले. फोन खाली आला तेव्हा पडद्यावर मुलगा होता, तोंड उघडे. दातांच्या डॉक्टरचे तोंड असे उघडे पाहण्याची माझी पहिलीच वेळ.

“नवरा,” तो म्हणाला.

एवढाच शब्द. प्रश्न नव्हता, कौतुकही नव्हते. पण म्हणाला! माझ्या कानात मधमाश्यांचे पोळे उठल्यासारखे झाले.

“एक मिनिट,” तो म्हणाला. “खुर्ची आईसाठी होती. तिला काय झालंय?”

“काही नाही. ठणठणीत आहेत. त्या बसत नाहीत. ब्रेक पायाशी नाही म्हणून.”

त्याच्या तोंडाचा एक कोपरा हलला. “नाहीच बसणार ती. ... आणि तुम्ही? तुम्हाला चालता येत नाही?”

“येतं की!”

“मग खुर्चीत का?”

“रिकामी चालत नाही म्हणून.”

“हे बघा, मी डॉक्टर आहे. माझ्या आईने कोणाशी लग्न केलंय ते मला कळायला नको? चालून दाखवा.”

मी उठलो. खुर्चीवाल्याने फोन समोर धरला आणि उलटा उलटा चालायला लागला, आणि मी त्याच्या पाठोपाठ ताठ मानेने चालायला लागलो. “हात हलवा!” पडद्यातून हुकूम आला. हात हलवले. “आता वळा!” वळलो. बाकांवर बसलेली माणसे सावरून बसली. खुर्चीत आलेला म्हातारा असा अचानक संचलन करायला लागलेला पाहून एक आजी उभ्याच राहिल्या. “अगंबाई, उठले! चालायला लागले!” असे म्हणून त्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांच्या पाहून शेजारच्यांनी वाजवल्या. मग सगळ्यांनीच. मी त्यांना खरे काय ते समजावून सांगणार होतो, पण टाळ्या मला आयुष्यात पहिल्यांदाच मिळत होत्या. मी आणखी एक फेरी मारली.

“काय चाललंय हे?” निरनिराळ्या अत्तरांचा एक भपकारा आला आणि त्यातून बाई प्रगट झाल्या.

“साहेब तपासतायत,” खुर्चीवाला म्हणाला, आणि फोन त्यांच्यासमोर धरला.

बाईंचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी माझ्याकडे पाहिले. “तुम्ही सांगितलंत?”

“हो.”

“तुम्ही?”

“मला कोणी ढकललं नाही,” मी म्हणालो. खुर्चीवाल्याचा थोडा हात होता, पण तेवढे राहू द्या.

“आई,” पडद्यातून आवाज आला, “लग्न केलंस?”

“हो,” बाई म्हणाल्या, शाळेत पकडलेल्या मुलीसारख्या.

“आणि मला विद्यार्थी सांगितलंस?”

“विद्यार्थीच आहेत ते. तीनदा नापास झालेत.”

“आई!”

“अरे, मी तुला म्हटलं होतं ना तेव्हा, की आता आपण दोघंच—”

“तेव्हा मी सातवीत होतो, आई. आता माझे केस गळायला लागलेत.” तो थांबला. नाक ओढल्याचा आवाज आला. “दर रविवारी तू फोन ठेवतेस, मग मी तासभर विचार करत बसतो, की आता तिथे ही एकटी काय करत असेल. तासभर! आणि तू तिकडे चौकाचौकात—”

“तुला कसं कळलं चौकात?”

“काय चौकात?”

“काही नाही,” बाई म्हणाल्या.

“मी चिडलोय, कळलं? लग्न केलंस म्हणून नाही. मला बोलावलं नाहीस म्हणून. तू उतरलीस की मी भांडणार आहे. तोवर चहा करून देणार नाही.”

“भांड की रे,” बाई म्हणाल्या, आणि डोळे पुसायला मनगट वर नेले. त्या मनगटावर अत्तर होते. त्या अशा रडायला लागल्या की त्यांचे त्यांनाच हसू आवरेना. डोळे मिटून, पाय आपटत, हसत आणि रडत त्या मटकन माझ्या शेजारच्या बाकावर बसल्या. “त्यांना दे,” असे फोनमधून दोनदा ऐकू आले, तेव्हा खुर्चीवाल्याने तो माझ्या हातात दिला.

“नमस्कार,” मी पुन्हा म्हणालो.

“नमस्कार. ऐका, मला एक कळत नाहीये. मी तुम्हाला काय म्हणायचं?”

“तुमच्या सोयीने,” मी लगेच म्हणालो.

“माझी सोय सोडा. काका लांबचं वाटतं. बाबा... खरं सांगू? बाबा मला जमणार नाही.”

“नको, नको. बाबा त्यांचं आहे,” मी म्हणालो.

तो पडद्याच्या जरा जवळ आला. “बरं वाटलं, असं म्हणालात ते.” मग घसा साफ करून, “मग काय? तुम्हाला काय आवडेल?”

हा प्रश्न मला आजवर फार कमी लोकांनी विचारला आहे. विचारला तरी मी ‘काहीही चालेल’ म्हणतो. आता तेच म्हणायला तोंड उघडले आणि ते येईना.

“मला विचार करू द्या,” मी म्हणालो. “उतरल्यावर सांगतो.”

“चालेल. पण नक्की सांगा. ‘काहीही’ नको.”

“नाही, नाही. ठरवून सांगतो.”

“आणि हो, दिवाणखान्यातली गादी उचलतो मी,” तो म्हणाला आणि त्याने घाईने फोन बंद केला.

फोन परत देताना खुर्चीवाल्याने माझ्या पाठीवर थाप मारली. लाउडस्पीकरवरून आमच्या विमानाचा पुकारा झाला, माणसे उठून रांगेत उभी राहायला लागली. टाळ्या वाजवणाऱ्या आजींनी मला पुढे जायला वाट करून दिली.

“काय म्हणाला?” बाईंनी डोळे किलकिले करत विचारले.

“मला काय म्हणायचं, ते विचारत होता.”

“मग? त्यात काय विचार करायचाय? मीच सांगते त्याला—”

“नाही,” मी म्हणालो. “ते माझं मी ठरवणार.”

बाईंनी माझ्याकडे असे पाहिले, जणू मी न विचारता गिअर बदलला आहे आणि गाडीही बंद पडलेली नाही. मग त्यांनी माझ्या दंडात हात घातला. त्यांना अत्तरामुळे दिसत नव्हते आणि मला हसण्यामुळे, आणि असे आम्ही दोघे, एकमेकांवर आदळत, चुकीच्या रांगेत जाऊन उभे राहिलो.